पेन्शनला आलं की सिक्युरिटीच का?

"मॅडम, बावीस वर्षं नोकरी झाली. आता पेन्शनला येतोय. बाहेर आल्यावर गेटवर उभं राहण्याशिवाय आमच्यासारख्याला काय आहे?"

साताऱ्यात समुपदेशनाला बसलं की हा प्रश्न घेऊन कुणीतरी येतंच. जिल्हाच तसा आहे. ज्या अपशिंग्याच्या नावापुढे 'मिलिटरी' लागलं, त्या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. पेन्शनीत आलेला जवान कुठल्याही हुद्द्याचा असो, गाव त्याला मेजरच म्हणतं. तेव्हा या गृहस्थांनाही मी इथे मेजरच म्हणते. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील थोडे बदललेत.

मेजर खटाव तालुक्यातले, हुद्दा हवालदार, ट्रेड इलेक्ट्रिशियनचा, तोही ईएमईत, म्हणजे लष्कराच्या दुरुस्ती खात्यात. डिस्चार्जला वर्षभर अवकाश होता. रजेवर आले होते, वहिनी सोबत होत्या. मेजरांनी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता: अमेरिकेतले सैनिक शेवटचे सहा महिने चक्क कंपनीत जाऊन काम शिकतात. "आपल्याकडं असं काही असतं तर मीही कुठंतरी चिकटलो असतो," असं त्यांचं म्हणणं.

त्या योजनेचं नाव स्किलब्रिज. तिकडे सैनिकाला सेवेतले अखेरचे जास्तीत जास्त १८० दिवस मान्यताप्राप्त कंपनीत काढता येतात. पगार लष्कर देतं, कंपनीला एक पैसा पडत नाही. पण कमांडरची परवानगी लागते आणि शेवटी नोकरी मिळेलच अशी हमी नसते. आपल्याकडे हुबेहूब तसं काही नाही. मात्र संरक्षण मंत्रालयाचं पुनर्वसन महासंचालनालय, ज्याला सगळे डीजीआर म्हणतात, ते निवृत्तीच्या तोंडावर असलेल्यांसाठी कोर्स चालवतं. जवान आणि जेसीओ, म्हणजे सुभेदारासारखे मधले हुद्देदार, यांची फी डीजीआर भरतं, अधिकाऱ्यांना चाळीस टक्के स्वतःचे घालावे लागतात. सेवेत राहून, पगार चालू असताना हा कोर्स करता येतो. म्हणजे शिकायला पगारी वेळ मिळतो तो इथेही. प्रश्न त्या वेळाचं काय करायचं हा.

आणि इथे मला जरा कडू बोलावं लागतं. बरेच जण कोर्स निवडतात तो घराजवळचा आणि सोपा. नाव कोर्सचं, कामं शेतातली. प्रमाणपत्र हातात पडतं, फाइलला लागतं, आणि माणूस सिक्युरिटीच्या मुलाखतीला जातो. मेजरांच्या डोक्यातही सिक्युरिटी सुपरवायझरचाच कोर्स होता, कारण युनिटमधल्या दोघातिघांनी तोच घेतला होता. सिक्युरिटीचं काम हलकं आहे असं माझं अजिबात म्हणणं नाही. पण बावीस वर्षं जनरेटर उघडलेल्या माणसानं ते दुसरं काही नाही म्हणून घ्यावं, हे मला पटत नव्हतं.

मी त्यांचा बायोडाटा मागितला. अर्धं पान. "शिस्तप्रिय, मेहनती, २२ वर्षांचा अनुभव, इलेक्ट्रिकल इक्विपमेंट मेन्टेनन्स." हे वाचून कारखान्यातल्या माणसाला काहीच कळत नाही. म्हटलं, "मेजर, हे ठेवा बाजूला. एखादं मशीन बंद पडलेलं आठवतंय का? तेवढंच सांगा."

माणूस बदलला. उंचावरच्या पोस्टवरचा हिवाळा. डिझेल गारठून घट्ट व्हायचं, बॅटऱ्या मान टाकायच्या. एका रात्री जनरेटरचं इंजिन व्यवस्थित चालू, पण व्होल्टेज शून्य. बरोबरचे म्हणाले, अल्टरनेटर, म्हणजे वीज तयार करणारा भाग, जळला, खाली पाठवा. यांनी मेगर, म्हणजे इन्सुलेशन मोजायचं यंत्र, लावून वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासलं, ते चांगलं निघालं. डायोड तपासले, तेही ठीक. मग लक्षात आलं की मशीनमधलं उरलंसुरलं चुंबकत्व गेलंय. बारा व्होल्टच्या बॅटरीनं फील्डला क्षणभर करंट दिला आणि व्होल्टेज उभं राहिलं. हे सांगताना ते टेबलावर बोटानं तारा काढून दाखवत होते. वहिनी म्हणाल्या, "हे मला कधी सांगितलं नाही."

ती सगळी हकिकत चार ओळींत बायोडाट्यात गेली: बिघाड काय, तपासलं काय, निष्कर्ष काय, किती वेळात मशीन चालू झालं. युनिटचं नाव, पोस्टची जागा, लष्करी सामानाचं मॉडेल यातलं काही लिहायचं नाही, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. जनरेटर शेवटी जनरेटरच असतो, मिरजेच्या दवाखान्यातला काय नि बर्फातला काय.

मग कोर्स. त्यांनी सिक्युरिटीचा विचार सोडला आणि इलेक्ट्रिकल मेन्टेनन्स व ऑटोमेशनचा कोर्स मागितला. अर्ज युनिट आणि रेकॉर्ड ऑफिसमधून वर जातो, त्यामुळे शेवटच्या क्षणी धावून उपयोग नसतो. आधी मी त्यांना एक काम दिलं होतं. रजेत एमआयडीसीत फिरा, ओळखीच्या माणसाकरवी एखाद्या विजेचे पॅनल बनवणाऱ्या वर्कशॉपमध्ये दोन-चार दिवस नुसतं बसा, बघा. पैसे घ्यायचे नाहीत, सेवेत असताना बाहेरची पगारी नोकरी चालत नाही. पण बघायला कोण नको म्हणतंय? तिथे त्यांना कळलं की जनरेटर, ब्रेकर, मोटर हे सगळं ओळखीचं आहे. नडतंय ते पीएलसी, म्हणजे मशीन चालवणारा छोटा कॉम्प्युटर, आणि मोटरचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह. कोर्सला गेले तेव्हा नेमकं काय शिकायचं ते ठरलेलं होतं. चाळकेवाडीच्या पठारावरच्या पवनचक्क्यांच्या देखभालीचंही बघून आले. शिडीनं टॉवर चढणं या वयात रोजचं नको म्हणाले, आणि ते बरोबरच होतं.

वहिनींचा प्रश्न मात्र वेगळा होता आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटला. "पहिल्या वर्षी सिक्युरिटी सुपरवायझरएवढाही पगार मिळणार नसेल, तर हा खटाटोप कशाला?" आम्ही कागदावर हिशेब मांडला. पेन्शन शेवटच्या मूळ पगाराच्या साधारण निम्मी, वर महागाई भत्ता, आजारपणाला ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांची आरोग्य योजना. मुलगी बारावीला, घराचं कर्ज थोडं उरलेलं. पेन्शनचा काही भाग विकून, म्हणजे कम्युटेशन करून, एकरकमी किती रक्कम उचलायची आणि त्यानं महिन्याची पेन्शन किती कमी होईल, हेही लिहिलं. शिकाऊ म्हणून वर्षभर कमी पगार सोसवेल असं आकडे सांगत होते. घरात पेन्शन येते म्हणूनच हा धोका पत्करता येतो. वहिनींनी वर्षाची मुदत दिली, तीही लेखी.

खरी अडचण कोर्सनंतर आली. डिस्चार्जनंतर मेजर त्याच प्रकारच्या एका वर्कशॉपमध्ये लागले. तिसऱ्या आठवड्यात फोन आला, आवाज चढलेला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा इंजिनिअर त्यांना म्हणाला होता, "काका, तो मल्टीमीटर द्या जरा." ज्याच्या एका हाकेला बारा जवान फॉलइन व्हायचे त्याला हे सोसवत नव्हतं. सोडून देतो म्हणाले.

समजूत घालण्यात अर्थ नव्हता. मी विचारलं, "रिक्रूट असताना सेंटरला तुम्हाला कोण शिकवायचं?"

"उस्ताद."

"उस्तादानं पाणी आण म्हटलं तर?"

थोडा वेळ गप्प. मग हसले. "आणायचो की. पण उस्ताद वयानं मोठा असायचा, मॅडम."

"मग आता उस्ताद वयानं लहान आहे."

त्या दिवशी एवढंच बोलणं झालं. पुढच्या महिन्यात त्याच पोरानं त्यांना ड्राइव्हचं पॅरामीटर सेटिंग शिकवलं, आणि यांनी त्याला ढिली जोडणी आवाजावरून कशी ओळखायची ते. मेजर त्याला अजूनही 'साहेब' म्हणत नाहीत, नावानं हाक मारतात, आणि त्याला ते चालतं.

कागदपत्रांबाबत दोन गोष्टी सांगते, कारण त्यावर फार गैरसमज आहेत. दहावी झालेल्या आणि पंधरा वर्षं सेवा केलेल्या माजी सैनिकाला केंद्र सरकारच्या गट क मधल्या पदवीच्या जागांसाठी पात्र धरतात. पण जिथे तांत्रिक पात्रता मागितली आहे तिथे ही सवलत चालत नाही आणि खासगी कारखाना तर ती बघतही नाही. दुसरं, फौजेतला ट्रेड म्हणजे वायरमनचा किंवा सुपरवायझरचा परवाना नव्हे. तो राज्याच्या विद्युत निरीक्षक यंत्रणेकडून वेगळा काढावा लागतो. मेजरांनी हे उशिरा मनावर घेतलं, त्यामुळे पगारवाढ अडकली.

अग्निवीरांचे आईवडीलही हल्ली हेच विचारायला येतात. २०२२ साली योजना आली, चार वर्षांनी पंचवीस टक्क्यांपर्यंत मुलं कायम होणार, बाकीची सेवा निधीचे, म्हणजे शेवटी मिळणाऱ्या एकरकमी पैशाचे, सुमारे ११.७१ लाख घेऊन घरी येणार. पेन्शन नाही. मेजरांचा हिशेब या पोरांना लागू पडत नाही. कमी पगारावर वर्षभर शिकायचं असेल तर तो खर्च निधीतूनच जाणार, म्हणून तो गाडी किंवा बंगल्यात जाण्याआधी वर्षाचं घरखर्चाचं पाकीट बाजूला काढा, असं मी सांगते. मुलगा सेवेत असतानाच कोणत्या मशीनवर हात बसलाय ते त्याला वहीत लिहून ठेवायला सांगा.

मेजर सध्या पॅनल टेस्टिंगला आहेत. पगार वहिनींच्या अपेक्षेपेक्षा अजून थोडा कमीच आहे. मुदत संपली तेव्हा वहिनींनी ती सहा महिन्यांनी वाढवून दिली, परवान्याचा अर्ज आधी भरायचा या अटीवर.