शेजारच्या मुलाचे 60 युनिट आणि आपला एक ‘डब्ल्यू’

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या एका आईचा निरोप आला: “मुलगा अकरावीत आहे. मंडळाच्या संक्रांतीला कळलं की ओळखीतल्या बारावीच्या मुलाकडे कॉलेजचे 60 युनिट आत्ताच जमा आहेत. म्हणजे पदवीची दोन वर्षं खिशात! आमच्याकडे एक विषय झालाय, एक चालू आहे. आम्ही मागे पडलो का? उन्हाळ्यात तीन विषय एकदम घालावेत का?”

हा प्रश्न दर वर्षी याच सुमारास येतो. फक्त आकडा बदलतो. कुटुंबाची ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत.

हायस्कूलमध्ये असतानाच कॉलेजचं क्रेडिट मिळवायचे तिकडे दोन मुख्य मार्ग आहेत. (कॅलिफोर्नियात क्रेडिटला युनिट म्हणतात.) पहिला एपी, म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट. विषय शाळेतच शिकायचा, मे महिन्यात कॉलेज बोर्डाची परीक्षा द्यायची आणि जुलैत 1 ते 5 यांपैकी एक गुण हातात येतो. दुसरा ड्युअल एन्रोलमेंट, म्हणजे शाळेत असतानाच जवळच्या कम्युनिटी कॉलेजात (पदवीची पहिली दोन वर्षं शिकवणाऱ्या सरकारी कॉलेजात) नाव घालून तिथला विषय तिथल्या विद्यार्थ्यांबरोबर करायचा. पैशाचं म्हणाल तर दुसरा मार्ग स्वस्त वाटतो. कम्युनिटी कॉलेजची फी सेमिस्टर पद्धतीत (साधारण 16 आठवड्यांचं सत्र) युनिटला 46 डॉलर, क्वार्टर पद्धतीत (साधारण 12 आठवड्यांचं) 31 डॉलर, आणि हायस्कूलच्या मुलांना ती बहुतेक ठिकाणी माफच असते. पुस्तकं आणि किरकोळ शुल्क तेवढं भरायचं. एपीच्या एका परीक्षेला 2025 साली 99 डॉलर पडत होते. फुकट ते पौष्टिक, या हिशेबाने आपली मंडळी कॉलेजकडे वळतात. या घरानेही तेच केलं होतं.

मुलाने शरद क्वार्टरमध्ये कॅल्क्युलसचा पहिला भाग केला आणि बी मिळवला. दुसरा भाग हिवाळी क्वार्टरमध्ये चालू होता, पूर्ण ऑनलाइन, ठरावीक वेळ नसलेला. सल्ल्यासाठी आमची बैठक झाली, तेव्हा आई-वडील भरभरून बोलत होते, मुलगा गप्प. विषय कसा चाललाय असं विचारलं तर म्हणाला, “ऑल गुड.” त्याला त्याच्याच हाताने कॉलेजचं पोर्टल उघडायला सांगितलं. पाचव्या आठवड्यापासून गृहपाठ जमा नव्हता. झालेल्या चाचण्या आणि एक मिडटर्म मिळून एकूण भारांशापैकी 50 टक्के काम संपलं होतं आणि त्यात सरासरी 58.

वडिलांचा पहिला सवाल होता, “आम्हाला कॉलेजने कळवलं कसं नाही? फॉर्मवर सही तर आम्हीच केली होती!”

इथे बहुतेक आई-वडिलांची गफलत होते. फेर्पा हा विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा 1974 चा केंद्रीय कायदा आहे. शाळेच्या नोंदींवर पालकांचा हक्क असतो, पण मुलगा कॉलेजात दाखल झाला की कॉलेजच्या नोंदींवरचा हक्क त्याचा होतो. तो 16 वर्षांचा असला तरी. सहीने तुम्ही त्याला विषय घ्यायची परवानगी दिलीत, गुण बघायची तुम्हाला मिळाली नाही. कॉलेजने निकाल हायस्कूलला कळवला तर शाळेकडून तो बघता येतो, पण तोवर क्वार्टर संपलेली असते. प्राध्यापकांना पालकांनी ईमेल केली तर सभ्य शब्दांत नकार येतो, आणि तो आकसाने दिलेला नसतो. यावर उपाय पासवर्ड मागणं हा नाही. मुलगा दुसरा पासवर्ड करतो आणि आपल्याला कळतही नाही. रविवारी संध्याकाळी दहा मिनिटं, मुलाने स्वतः स्क्रीन दाखवायची, एवढंच ठरवावं आणि ते पहिल्या आठवड्यापासून पाळावं.

बैठक मंगळवारी होती आणि डब्ल्यू (‘विथड्रॉ’, म्हणजे श्रेणीऐवजी विषय सोडल्याची नोंद) घेऊन बाहेर पडायची शेवटची तारीख त्याच शुक्रवारी. त्यामुळे 60 युनिट बाजूला ठेवून आधी हा हिशेब केला.

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात विषय सोडायच्या दोन सीमा असतात. पहिली अगदी सुरुवातीला, 12 आठवड्यांच्या क्वार्टरमध्ये साधारण दुसऱ्या आठवड्यात. तोवर सोडलं तर नोंदच राहत नाही. दुसरी सत्राचा पाऊण भाग संपण्याच्या आसपास. तोवर सोडलं तर डब्ल्यू लागतो, जो जीपीएत (श्रेणींच्या सरासरीत) मोजला जात नाही. त्यानंतर मात्र जी श्रेणी मिळेल ती पदरात. नेमक्या तारखा कॉलेजच्या कॅलेंडरवर विषयागणिक दिलेल्या असतात. छोट्या मुदतीच्या विषयाच्या तारखा वेगळ्या असतात, म्हणून त्या आपल्याच विषयाच्या ओळीतून वाचायच्या, मित्राला विचारून नव्हे.

आता आकडे. 50 पैकी हातात 29. उरलेला भारांश दुसऱ्या मिडटर्मचा 20 आणि अंतिम परीक्षेचा 30. सी साठी एकूण 70 हवेत, म्हणजे उरलेल्या 50 पैकी 41, म्हणजे 82 टक्के. मुलाचा आतापर्यंतचा सर्वोत्तम पेपर 66 टक्क्यांचा. बी साठी 80 हवेत, म्हणजे 50 पैकी 51. ते तर देवालाही शक्य नाही.

आई म्हणाली, “सी येऊ दे ना. पुढे पुन्हा बसून सुधारेल.” आपल्या डोक्यात एटीकेटी असते, त्यामुळे असं वाटणं साहजिक आहे. पण तिथे नियम उलटा आहे. डी किंवा एफ आला, किंवा डब्ल्यू घेतला, तर विषय पुन्हा करता येतो, सगळे मिळून सहसा तीन प्रयत्नांपर्यंत. सी आला तर तो उत्तीर्ण धरतात आणि केवळ श्रेणी सुधारायला पुन्हा बसता येत नाही. तो सी कॉलेजच्या ट्रान्सक्रिप्टवर (अधिकृत गुणपत्रिकेवर) कायमचा. विद्यापीठांना अर्ज करताना आजवर केलेल्या प्रत्येक कॉलेजची नोंद द्यावीच लागते. वडिलांनी मध्येच सांगितलं की मुलाला मेडिकलचंही थोडं आकर्षण आहे. मग तर हे नीट ऐका: अमेरिकेतल्या मेडिकल कॉलेजांच्या एएमसीएएस या सामायिक अर्जात हायस्कूलमध्ये असताना घेतलेले कॉलेजचे विषयही लिहावे लागतात आणि त्यांच्या श्रेणी जीपीएत धरल्या जातात. सोळाव्या वर्षीचा सी बाविसाव्या वर्षी समोर येऊन बसतो.

एपी आणि कॉलेज यांत खरा फरक हाच आहे, आणि फीच्या आकड्यांत तो दिसत नाही. एपीत 2 गुण आले तर ते विद्यापीठाला कळवायचे की नाही हे सहसा मुलाच्या हातात असतं. कॉलेजची श्रेणी झाकता येत नाही.

म्हणून डब्ल्यू. मुलाचा चेहरा पडला, पण खांदे सैल झाले. एक डब्ल्यू अर्जात लिहावा लागतो, त्याने दार बंद होत नाही. तीन-चार झाले तर प्रश्न विचारले जातात. सोडण्याची रीतही सांगून ठेवतो, कारण घोटाळा तिथे होतो. लॉगिन करणं थांबवलं म्हणजे विषय सुटला असं नाही. प्राध्यापक आपल्याला काढतीलच असंही नाही. विद्यार्थ्याने स्वतः पोर्टलवर नोंदणीच्या पानावर जाऊन विषय सोडायचा, ‘डब्ल्यू’ दिसतोय याचा स्क्रीनशॉट ठेवायचा आणि शाळेच्या कौन्सेलरला त्याच दिवशी कळवायचं. हे न करता नुसतं गायब झालेल्या मुलांना एफ लागतो. शाळेला कळवायचं कारण वेगळं. हा विषय शाळेच्या वेळापत्रकात गणिताच्या जागी धरलेला असेल, तर हायस्कूल पूर्ण करायला लागणारे शाळेचे क्रेडिट कमी पडू शकतात. या मुलाचं तसं झालं नाही. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी) कॉलेजचा 4 क्वार्टर युनिट किंवा त्याहून मोठा, ट्रान्सफर होणारा (म्हणजे विद्यापीठात क्रेडिट म्हणून चालणारा) विषय हायस्कूलच्या पूर्ण वर्षाबरोबर धरते. शरदातल्या 5 युनिटच्या बी ने अकरावीचं गणित तिच्या लेखी भरून निघालं होतं. शाळेचा हिशेब शाळेत जाऊन तपासला, तोही जुळला.

हुशार मुलगा बुडाला कशाने? तासांनी. कॅलिफोर्नियात एका क्वार्टर युनिटमागे वर्ग आणि घरचा अभ्यास मिळून किमान 33 तासांचं काम धरलेलं असतं. 5 युनिट म्हणजे 165 तास. 12 आठवड्यांत वाटले तर आठवड्याला जवळजवळ 14. मुलाने पाच तास धरले होते, कारण शाळेतलं गणित तेवढ्यात व्हायचं. शरदातला बराच भाग ओळखीचा होता म्हणून निभावलं. हिवाळ्यात इंटिग्रेशन सुरू झालं, शाळेत तीन एपी होतेच, रोबोटिक्सची स्पर्धा आली. ठरावीक वेळेचा वर्ग नसला की पहिला बळी त्याच विषयाचा जातो. हाच विषय सहा आठवड्यांच्या उन्हाळी सत्रात घेतला तर आठवड्याला 27 तास. आईचे ‘तीन विषय एकदम’ म्हणजे 80 च्या वर. पूर्णवेळ नोकरीची दुप्पट. हा गुणाकार कागदावर केल्यावर तो बेत आईनेच खोडला.

आता ते 60 युनिट. त्या मुलाची यादी आमच्यासमोर नव्हती आणि ती मागायचं कारणही नव्हतं, पण असा आकडा ऐकला की चार प्रश्न विचारावेत.

सेमिस्टरचे की क्वार्टरचे? दीड क्वार्टर युनिट म्हणजे एक सेमिस्टर युनिट. 60 क्वार्टर युनिट म्हणजे 40 सेमिस्टर युनिट. यूसीच्या पदवीला 180 क्वार्टर किंवा 120 सेमिस्टर युनिट लागतात. म्हणजे ‘दोन वर्षं’ तिथेच सव्वा-दीड वर्षावर येतात.

त्यात दुहेरी किती? एपी कॅल्क्युलस एबी आणि कॉलेजचा कॅल्क्युलसचा पहिला भाग दोन्ही केले तर क्रेडिट एकदाच मिळतं. अमेरिकेच्या इतिहासाचंही तसंच.

कुठल्या विद्यापीठासाठी? यूसी एपीच्या 3 गुणांपासून युनिट देते. एमआयटीत कॅल्क्युलस बीसीला (एबीच्या पुढे जाणारा एपी विषय) 5 पडले तरच पहिल्या कॅल्क्युलसचं क्रेडिट. डार्टमथ आणि ब्राऊन एपीचं क्रेडिट पदवीच्या मोजणीत धरत नाहीत, फार तर वरच्या वर्गात बसवतात.

आणि चौथा, ज्यावर सगळं अडतं: ते पदवीच्या कुठल्या कप्प्यात पडतात? पदवीत मुख्य विषयाच्या अटी असतात, सर्वसाधारण शिक्षणाच्या असतात आणि उरलेले नुसते ऐच्छिक युनिट. मानसशास्त्र, संगीताची ओळख, समाजशास्त्र असं मिळेल ते गोळा केलं की ऐच्छिक कप्पा ओसंडतो आणि बाकीचे रिकामे राहतात. या मुलाला कॉम्प्युटर सायन्स करायचं आहे. तिथे साखळी असते: प्रोग्रामिंग, मग डेटा स्ट्रक्चर्स, मग अल्गोरिदम्स, मग त्यांवर उभे वरच्या पातळीचे विषय. एक संपल्याशिवाय दुसरा मिळत नाही, आणि वरच्या पातळीचे विषय कम्युनिटी कॉलेजात सहसा शिकवतच नाहीत. ऐच्छिक युनिट कितीही असोत, साखळी लांबीने तेवढीच राहते. युनिटांचा फायदा होतो तो मधल्या सत्रांत श्वास घ्यायला, दुसरा विषय जोडायला. तीन वर्षांत पदवी होते, पण ती समाजशास्त्र किंवा अर्थशास्त्रासारख्या सैल साखळीच्या विषयांत अधिक.

जीपीएचंही एक वेड असतं. यूसी एपी किंवा ट्रान्सफर होणाऱ्या कॉलेजच्या विषयाला एक जादा अंक देते, ए ला 5, बी ला 4, पण असा जादा अंक जास्तीत जास्त 8 सत्रांना, आणि त्यांतली दहावीची 4 पर्यंतच. त्यापुढच्या विषयांनी तो आकडा हलत नाही.

कप्पा तपासायला कॅलिफोर्नियात असिस्ट ही मोफत सरकारी वेबसाइट आहे. शैक्षणिक वर्ष, आपलं कम्युनिटी कॉलेज, हवं ते यूसी किंवा सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी) आणि मुख्य विषय निवडला की कुठला विषय कशाच्या बदल्यात धरतात ते समोर येतं. मुलाला तिथेच बसवून बघायला लावलं. त्याला दिसलं की काही ठिकाणी कॅल्क्युलसचे भाग सुटे धरत नाहीत, दोन-तीन मिळून एक संच धरतात. क्वार्टरच्या कॉलेजातून सेमिस्टरच्या विद्यापीठात जाताना अर्धवट सोडलेली मालिका लोंबकळते ती अशी. खाजगी किंवा दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठांसाठी असिस्टचा उपयोग नाही. तिथे विषयाचा सिलॅबस मागतात, म्हणून प्रत्येक सिलॅबसची पीडीएफ पहिल्याच आठवड्यात उतरवून ठेवावी. सत्र संपलं की पोर्टलवरून ती नाहीशी होते.

वडिलांना एक शंका होती: फार युनिट झाले तर मुलाला ट्रान्सफर विद्यार्थी (दुसऱ्या कॉलेजातून मधूनच बदलून येणारा) धरतील का? नाही. हायस्कूलमध्ये असताना कितीही केले तरी यूसीला अर्ज नव्या विद्यार्थ्याचाच. हायस्कूल संपल्यावर लगेचच्या उन्हाळ्यातले विषयही चालतात. त्यापुढच्या नियमित सत्रात कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं तर मात्र गाडी बदलते.

मुलासाठी जे ठरलं ते असं. वसंत क्वार्टरमध्ये कॉलेज नाही, मे महिन्यातल्या तीन एपी नीट द्यायच्या. बारावीत शाळेतच एपी कॅल्क्युलस बीसी. पहिल्या भागाशी क्रेडिट दुहेरी होईल, पण दुसऱ्या भागाची जागा भरेल, आणि गुण कमी पडले तर ते ट्रान्सक्रिप्टवर चढत नाहीत. कॉलेजचा एकच विषय: पहिल्या वर्षाची इंग्रजी लेखनरचना, 16 आठवड्यांच्या सेमिस्टरच्या कॉलेजात, प्रत्यक्ष वर्गात. कॉम्प्युटर असो की मेडिकल, त्याला कप्पा बहुतेक सगळीकडे आहे. त्यासाठी मे महिन्यातच राज्याच्या सामायिक अर्जावरून नाव घालायचं, शाळेच्या आणि पालकांच्या सह्यांचा फॉर्म द्यायचा (तो सहसा प्रत्येक सत्राला नवा लागतो), कारण हायस्कूलच्या मुलांची नोंदणीची पाळी शेवटी येते आणि संध्याकाळचे वर्ग तोवर भरतात.

शुक्रवारी दुपारी मुलाचा स्क्रीनशॉट आला. आईने खाली लिहिलं होतं, “पुढल्या संक्रांतीला कुणी विचारलं तर किती सांगू?” 5 क्वार्टर युनिट, म्हणजे सेमिस्टरचे सव्वातीन-साडेतीन.