जठराचा भाग काढल्यानंतरचा जंतुसंसर्ग

प्रश्न : माझ्या वडिलांचे वय ७२ आहे. अल्सर फुटल्यामुळे १९९६ साली त्यांच्या जठराचा खालचा भाग काढावा लागला होता. नुकत्याच केलेल्या एंडोस्कोपीत उरलेल्या जठरात हेलिकोबॅक्टर पायलोरी हे जंतू आढळले. त्यांना त्रास काहीच नाही, तेव्हा चौदा दिवस इतक्या गोळ्या कशाला, असे आईचे म्हणणे आहे. काय करावे? — एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : आईंची काळजी रास्त आहे, तरीही औषधे पूर्ण घ्यावीत, असे माझे स्पष्ट मत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ सालीच या जंतूची गणना माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केली. संसर्ग झालेल्या बहुतेकांना कर्करोग होत नाही, हे खरे. परंतु आपल्या वडिलांच्या बाबतीत शस्त्रक्रियेचाही विचार करावा लागतो. जठर लहान आतड्याला जोडल्यावर पित्त उलटे जठरात येत राहते, अस्तराला कायमची सूज राहते आणि आम्ल कमी झाल्यामुळे इतर जंतूही तेथे वाढतात. अशा उरलेल्या जठरात कर्करोगाचा धोका साधारणपणे पंधरा-वीस वर्षांनंतर वाढू लागतो, आणि तो काळ वडिलांनी केव्हाच ओलांडला आहे. म्हणूनच जंतू गेले की काळजी मिटली, असे समजू नये. जोडाजवळच्या अस्तराचे तुकडे तपासले होते का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे आणि पुढची एंडोस्कोपी केव्हा करायची, हेही त्यांच्याकडून ठरवून घ्यावे.

आम्ल कमी करणारी गोळी सकाळच्या पोह्यांच्या अर्धा तास आधी द्यावी. औषधांत बिस्मथ असल्यास जीभ आणि शौच काळे होते, त्याने घाबरू नये; मात्र औषधे संपून काही दिवस झाल्यावरही शौच काळेच होत असेल, तर तो रक्तस्राव असू शकतो, म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

जंतू गेले की नाही, याची तपासणी औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी करावी आणि त्याआधी दोन आठवडे आम्लाची गोळी डॉक्टरांना विचारून बंद ठेवावी. श्वासाची तपासणी अशा रुग्णांत चुकू शकते, कारण त्यासाठी दिलेले द्रावण लहान झालेल्या जठरात फार वेळ टिकत नाही. तेव्हा शौचाची तपासणी किंवा बायोप्सी करून घ्यावी. या शस्त्रक्रियेनंतर बी-१२ आणि लोह कमी पडणे अगदी नेहमीचे आहे, त्यामुळे रक्ताच्या याही तपासण्या त्याच वेळी उरकून घ्याव्यात.