बांडगूळ आणि फुलटोच्या : कोयती कोणावर चालवायची?

प्रश्न : हापूसच्या जुन्या कलमांवर बांडगूळ फार माजलंय. चिमणीहून लहान, राखाडी पक्षी त्याचं बी पसरवतो म्हणतात. त्याला आवरायला जाळी लावावी की फटाके वाजवावेत? (आंबा बागायतदार, रत्नागिरी)

उत्तर : जाळी नको, फटाकेही नकोत. तुम्ही ऐकलंत ते मात्र खरं आहे. तो पक्षी फुलटोच्या, जेमतेम 8 सेंटीमीटरचा. बांडगुळाचं पिकलेलं फळ तो गिळतो आणि थोड्याच वेळात बी बाहेर टाकतो. बीभोवतीचा चिकट थर तसाच राहतो, म्हणून ते बुडाला लोंबकळतं. ते सुटावं म्हणून पक्षी फांदीवर बूड घासतो आणि बी सालीला चिकटतं, नेमकं जिथं रुजायला हवं तिथंच! बांडगुळाची मिटलेली कळीही तो चोचीनं दाबून उघडतो. परागीभवनाचं बरंचसं काम त्याच्याकडेच.

तरीही कलमाचं नुकसान करतं ते बांडगूळ. पानं हिरवी असल्यानं अन्न ते स्वतः बनवतं, पण पाणी आणि खनिजं कलमाची ओढतं. जिथं ते चिकटतं तिथं गाठ येते आणि तिच्यापुढची फांदी हळूहळू वाळते. फुलटोच्या कलमाचं काही घेत नाही, उलट बारीक किडे टिपतो. त्याला मारणं किंवा पकडणं वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे. आणि हाकलला तरी तो शेजारच्या बागेतल्या बांडगुळाची फळं खाऊन परत येणारच.

तेव्हा कोयती बांडगुळावर चालवा, तीही त्याची फळं पिकण्याआधी. नुसतं ओरबाडून काढलंत तर सालीत उरलेल्या भागातून ते पुन्हा फुटतं. बहुतेक बागांत चुकतं ते इथंच. फांदी बारीक असेल तर गाठीच्या मागे, खोडाच्या बाजूनं, फूटभर अंतर सोडून फांदीसकट कापा. जाड फांदी तोडणं परवडत नसेल तर गाठ खरवडून साफ करा आणि फूट आली की पुन्हा काढा. कापलेल्या जागी बोर्डो पेस्ट (बुरशी रोखणारा लेप) लावा : 1 किलो मोरचूद (कॉपर सल्फेट), 1 किलो चुना, 10 लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळे भिजवून मगच एकत्र करा, लोखंडी भांडं वापरू नका. तणनाशक टोचायच्या भानगडीत पडू नका, कलमच जायचं.

बांधावरची, रस्त्याकडेची झाडंही बघा. शेजाऱ्यांनाही त्याच आठवड्यात काढायला सांगा.