स्नायू सैल करणारी गोळी आणि झोप आणणारी डिप्रेशनची गोळी सोबत घेतली तर चालते का?

तुमच्या आईला मणक्याच्या डॉक्टरांनी टिझानिडीन लिहून दिलंय आणि अमिट्रिप्टिलीन ती आधीपासून रात्री घेते. दोन्ही चालतील का, एवढंच विचारलं असतं तर मी वाचून पुढं गेलो असतो. पण खाली तुम्ही लिहिलंय, ‘ती डिप्रेशनची गोळी असल्यामुळं नव्या डॉक्टरांना सांगितली नाही.’ त्या एका ओळीपायी लिहायला बसलो.

सांगा. आजच फोन करून सांगा, आणि विचारल्याशिवाय आज रात्री दोन्ही गोळ्या सोबत देऊ नका.

आमचं गाव सेलूच्या बाजूला. आईला दहा-बारा वर्षांपासून शुगर. तळपायाची अशी आग व्हायची की रात्री दोन वाजता उठून ओसरीतल्या शहाबादी फरशीवर पाय टेकवून बसायची. शुगरच्या डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम लिहून दिली, रात्री एक. आठ-दहा दिवसांत आई झोपायला लागली. घरात सगळ्यांना बरं वाटलं. मग एकदा वहिनी गोळ्या आणायला मेडिकलवर गेली, तर तिथला पोरगा म्हणाला, ‘ही तर डिप्रेशनची गोळी हाय.’

झालं. तेव्हा पुतणीला पाहायला पाहुणे येत होते. दादा म्हणाला, ‘पाहुण्यारावळ्यात कळलं तर म्हणतील यांची म्हातारी येडी हाय. ही गोळी कुणाला दाखवायची नाही.’ मी त्याला सांगितलं की डिप्रेशनसाठी हीच गोळी ७५ मिलिग्रॅम आणि त्याच्याही वर देतात, १० ची गोळी नसांच्या दुखण्यासाठी असते, आईच्या डोक्याला काहीही झालेलं नाही. (आणि झालं असतं तरी लपवायचं कामून? हे त्याला आजही पटत नाही.) गोळ्यांचा पत्ता औषधाच्या पिशवीतून निघाला आणि आईच्या पेटीत, लुगड्यांच्या खाली गेला.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी लागली. मजूर मिळेनात म्हणून आईही रानात जायची. दोन दिवस वाकून वेचलं आणि तिसऱ्या दिवशी कमरेत अशी उसण भरली की बाजेवरून उठता येईना. परभणीला मणक्याच्या डॉक्टरांकडं नेलं. एक्स-रे झाला, गोळ्या लिहून दिल्या. त्यातली एक दुखण्याची होती, सकाळ-संध्याकाळ. तिच्या पोटात टिझानिडीन २ मिलिग्रॅम आहे हे पत्त्यामागची बारीक अक्षरं वाचल्याशिवाय कळत नाही. डॉक्टरांनी नीट विचारलं होतं, ‘अजून कोणत्या गोळ्या चालू आहेत?’ दादानं पिशवीतून शुगरची आणि बीपीची गोळी काढून टेबलावर ठेवली. मी शेजारच्या खुर्चीत बसलेलो होतो. मला पेटीतला पत्ता माहीत होता. भावाला परक्यासमोर खोटं कसं पाडायचं म्हणून मी बोललो नाही. हे मी आजवर घरात कुणालाही सांगितलेलं नाही.

तिसऱ्या रात्री तीन-साडेतीनला भांडं पडल्याचा आवाज आला. आई उंबरठ्यात बसलेली, तांब्या अंगणात गडगडत गेलेला. उजव्या हाताचं मनगट डाव्या हातात धरलेलं. डोळे उघडे, पण माझ्याकडं बघतेय असं वाटेना. जीभ टाळूला चिकटत होती. म्हणाली, ‘बापू, तोंडात नुसता कापूस झालाय रे.’ तालुक्याला दवाखान्यात नेलं तेव्हा वरचं बीपी ८८. मनगटाचं हाड मोडलं होतं. दीड महिना प्लास्टर. राहिलेला कापूस दुसऱ्यांनी वेचला.

दादा म्हणतो, म्हातारं माणूस पडतंच. आई त्याआधी कितीतरी वर्षं अंधारात लघवीला उठत होती, कधी पडली नाही. मला त्याचं म्हणणं मान्य नाही.

टिझानिडीन दुखऱ्या कमरेवर जाऊन बसत नाही. ती मेंदूत आणि मणक्यातल्या मज्जारज्जूत काम करते, स्नायूला ‘आखड’ म्हणून जाणारा निरोप कमी करते. बीपीच्या क्लोनिडीन या औषधाच्या ती जवळची आहे, म्हणून बीपी खाली आणते, गुंगी आणते, तोंड कोरडं पाडते. अमिट्रिप्टिलीनही गुंगी आणते, तोंड कोरडं पाडते आणि झोपलेला माणूस एकदम उभा राहिला की त्याचं बीपी पाडते. म्हणजे दोघी एकाच दिशेनं ओढतात. त्यात आईची बीपीची गोळी तिसरी. टिझानिडीनचा जोर घेतल्यापासून तास-दोन तासांत येतो आणि काही तासांत ओसरतो. अमिट्रिप्टिलीन मात्र अंगात दिवसभराहून जास्त रेंगाळते, त्यामुळं ‘एक सकाळी, एक रात्री घेतली म्हणजे भेट होत नाही’ हा हिशेब चुकीचा आहे. मिर्टाझापिन, ट्रॅझोडोन या झोप आणणाऱ्या गोळ्यांनाही गुंगीचं हेच लागू. वर सर्दीची गोळी किंवा दारू पडली तर आणखी वाईट.

आता हेही लिहिलं पाहिजे. मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. आईचं झाल्यावर दोन्ही डॉक्टरांना भेटून, खोदून खोदून विचारून एवढं कळलं. आणि या दोन गोळ्या सोबत म्हणजे विषच, असंही नाही. कमी डोसात, बीपी बघत, डॉक्टर मुद्दाम दोन्ही देतात आणि पुष्कळ लोकांना काही होत नाही. आईची अमिट्रिप्टिलीन आजही चालू आहे, टिझानिडीन तेवढी बंद केली. पण देणाऱ्याला माहीत असून देणं वेगळं आणि पेटीत लपवलेली गोळी वेगळी.

तुम्हीही जुनी गोळी आपल्या मनानं बंद करू नका. अमिट्रिप्टिलीन एकदम थांबवली तर मळमळ, डोकेदुखी, झोप उडणं सुरू होतं. टिझानिडीन बरेच दिवस मोठ्या डोसात घेतलेली असेल तर एकदम सोडल्यावर बीपी उसळतं. डॉक्टर सांगतील तसं हळूहळू.

आईचं वय तुम्ही लिहिलेलं नाही. साठीच्या पुढं असेल तर ही जोडी जास्त जपून. शुगर जुनी असेल तर किडनीची तपासणी झालीय का तेही डॉक्टरांना सांगा, कारण किडनी कमजोर असली की टिझानिडीन अंगातून लवकर निघत नाही. आणि तिची गोळी खरंच अमिट्रिप्टिलीनच आहे का, पत्त्यामागं वाचून बघा. तिथं फ्लुव्होक्सामिन (हीही डिप्रेशनचीच एक गोळी) लिहिलेलं असेल तर टिझानिडीन अजिबात द्यायची नाही, तिथं डोस कमी-जास्त करायचा प्रश्नच येत नाही. त्या गोळीनं रक्तातलं टिझानिडीन तीस पटीहून जास्त वाढतं. लघवीच्या जळजळीला, जुलाबाला सर्रास लिहून देतात त्या सिप्रोफ्लॉक्सासिननं दहा पट वाढतं, तीही सोबत चालत नाही.

फोनवर सांगायला अवघड वाटत असेल तर सगळे पत्ते पलंगावर ओळीनं मांडा, मागच्या बाजूचा फोटो काढा आणि दोन्ही डॉक्टरांना पाठवा. भाऊ, वहिनी, पाहुणे काय म्हणतील ते मागून बघता येईल. आज रात्री ती उठेल तेव्हा तिच्याजवळ कुणीतरी झोपा, आणि ओसरीतला दिवा चालू ठेवा.