'बरिअल ॲट सी' खेळण्यापूर्वी

'बरिअल ॲट सी' हा 'बायोशॉक इन्फिनिट' या व्हिडिओ गेमचा दोन भागांतला विस्तार (नंतर आलेली जोडकथा) आहे. मूळ खेळ संपवल्याशिवाय या विस्ताराला हात लावू नका, आणि जमल्यास २००७ चा पहिला 'बायोशॉक'ही आधी खेळून घ्या, कारण विस्ताराची कथा त्या दोन्हींचे धागे रॅप्चर या समुद्रतळाच्या शहरात जुळवते. पहिला भाग नेहमीच्या गोळीबारावर निभावून जातो. दुसऱ्या भागात (माझ्या मते तोच अधिक सरस आहे) आपण मूळ खेळातल्या नायकाची साथीदार एलिझाबेथ असतो आणि ती नायकाइतकी दणकट नाही, त्यामुळे समोरासमोर भिडण्याची सवय अंगाशी येते. तिथे वाकून चालावे, फुटलेल्या काचांवर किंवा साचलेल्या पाण्यात पाय टाकू नये, कारण त्या आवाजाने स्प्लायसर (रॅप्चरमधले माथेफिरू झालेले शत्रू) सावध होतात. बेसावध शत्रूला मागून गाठून बेशुद्ध करावे आणि क्रॉसबोचे गुंगीचे बाण अडचणीच्या प्रसंगासाठी राखून ठेवावेत.