कोर्टाचा आदेश आधी की रुग्णालय?

प्रश्न : माझा धाकटा भाऊ ३२ वर्षांचा आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी दिलेल्या गोळ्या त्याने दोन महिन्यांपूर्वी परस्पर बंद केल्या. आईने वाढलेल्या ताटात विष आहे असे म्हणून तो आता फक्त बंद पुड्यातली बिस्किटे खातो, आणि गेल्या आठवड्यात मध्यरात्री तो गच्चीच्या कठड्यावर चढला होता. दवाखान्याचे नाव काढले की अंगावर धावून येतो. कोर्टाचा आदेश असल्याशिवाय त्याला कोणी दाखल करून घेणार नाही, असे नातेवाईक म्हणतात. हा आदेश कसा मिळवावा?
– एक वाचक भगिनी

उत्तर : नातेवाइकांचा सल्ला जुन्या कायद्याच्या आठवणीतून आलेला दिसतो. १९८७च्या कायद्यात मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करून रुग्णाला दाखल करण्याचा आदेश मिळवण्याची सोय होती. त्याच्या जागी आलेल्या २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मात्र हा निर्णय मुख्यतः डॉक्टरांच्या तपासणीवर सोपवला आहे, त्यामुळे तुम्ही वकिलाआधी रुग्णालय गाठावे.

कलम ८९नुसार, रुग्णाच्या नामनिर्देशित प्रतिनिधीने, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत त्याला मदत करण्यासाठी नेमलेल्या व्यक्तीने, अर्ज केल्यास त्याला जास्तीत जास्त ३० दिवसांसाठी दाखल करता येते. भावाने असा प्रतिनिधी लेखी नेमला नसेल, तर नातेवाईक म्हणून आई किंवा तुम्ही ही जबाबदारी घेऊ शकता. त्यासाठी एक मानसोपचारतज्ज्ञ आणि दुसरा मानसिक आरोग्य व्यावसायिक किंवा डॉक्टर अशा दोघांनी त्याच दिवशी किंवा आधीच्या ७ दिवसांत त्याला स्वतंत्रपणे तपासून, आजार गंभीर असल्याचा आणि त्यापायी त्याच्या किंवा इतरांच्या जिवाला धोका आहे अथवा तो स्वतःची काळजी घेऊ शकत नाही असा निष्कर्ष काढावा लागतो. दाखल केल्याची माहिती रुग्णालय मानसिक आरोग्य पुनरावलोकन मंडळाला कळवते, आणि भावाला त्या मंडळाकडे दाद मागता येते. त्याने तशी दाद मागितली तर ती तुमच्याविरुद्धची तक्रार समजू नका. तो त्याचा हक्क आहे.

डॉक्टरांपुढे नुसते ‘तो वेड्यासारखा वागतो’ असे सांगून फारसे काही हाती लागत नाही. कोणत्या तारखेला, किती वाजता, काय घडले, तो नेमके काय बोलला आणि कोणाला लागले, हे वहीत लिहून ठेवा. जुनी प्रिस्क्रिप्शन, गोळ्यांची नावे आणि त्या केव्हा बंद झाल्या ही माहितीही सोबत न्या. फिरायला जाऊ असे सांगून त्याला फसवून रुग्णालयात नेण्याचा मोह अनेक घरांत होतो. आधीच विषाचा संशय घेणाऱ्या माणसाचा उरलासुरला विश्वासही त्याने उडतो, म्हणून माझे मत त्याविरुद्ध आहे.

गच्चीच्या दाराला मात्र आजच कुलूप लावा. पुन्हा तसा प्रसंग आला तर अर्जाची वाट न पाहता ११२ला फोन करा. जिवाला धोका असेल तर कलम ९४नुसार कोणताही नोंदणीकृत डॉक्टर, प्रतिनिधी उपलब्ध असल्यास त्याच्या संमतीने, ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो, तेही रुग्णालयाबाहेरसुद्धा. आजारामुळे स्वतःला किंवा इतरांना धोका असलेल्या माणसाला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणे हे पोलिसांचे कर्तव्य आहे. त्याला कोठडीत ठेवता येत नाही.

मॅजिस्ट्रेटचा संबंध येतो तो कलम १०२मध्ये. मानसिक आजार असलेली किंवा तशी शक्यता असलेली व्यक्ती त्यांच्यासमोर आणली गेली, तर ते तिला तपासणी व उपचारांसाठी सरकारी मनोरुग्णालयात पाठवू शकतात किंवा जास्तीत जास्त १० दिवस दाखल करण्याचा आदेश देऊ शकतात. घरातून थेट रुग्णालयात नेणे शक्य असताना हा वळसा कशाला?

रात्री-अपरात्री सल्ला हवा असल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे. ३० दिवसांपुढे ठेवायचे झाल्यास दोन मानसोपचारतज्ज्ञांची तपासणी आणि मंडळाची परवानगी लागते. भाऊ सावरला की पुढच्या वेळी कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि निर्णय कोणी घ्यावेत, हे त्याला स्वतःच आगाऊ लिहून ठेवता येते; त्या कागदाचा विषय डॉक्टरांसमोर, त्याच्या उपस्थितीत काढा.