घरचं ट्रायकोडर्मा पाकिटात भरून विकायचंय

प्रश्न: मी निफाड तालुक्यातला, मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी झालोय. घरी तांदळावर ट्रायकोडर्मा (पिकाच्या रोगांवर वापरतात ती उपयोगी बुरशी) वाढवतो. कांद्याच्या रोपातली मर बरीच कमी झाली, आता गावातले लोक मागतायत. टाल्क पावडरमध्ये मिसळून पाकिटं कृषी सेवा केंद्रात ठेवली तर चालतील का?

उत्तर: आत्ता लगेच नाही दादा. जिवंत बुरशी असली तरी रोगासाठी म्हणून विकायला काढली की ती 1968 च्या कीटकनाशक कायद्यात येते, म्हणजे फरीदाबादला केंद्रीय नोंदणी, आधी त्याच कायद्याच्या कलम 9(3बी) खाली तात्पुरती घेता येते, आणि मग राज्याचा उत्पादन परवाना. त्याआधी एकही पाकीट विकू नका. आणि स्ट्रेन (बुरशीचा मूळ वाण) दुसऱ्या कंपनीच्या पाकिटातून वाढवलेला असेल तर तिथंच थांबा, स्वतःच्या मातीतून काढा नाहीतर राहुरी विद्यापीठात किंवा बंगळूरच्या एनबीएआयआर या केंद्रीय संशोधन संस्थेला रीतसर विचारा.

पण कागदांपेक्षा मला काळजी पाकिटाची वाटते. तांदळावर बुरशी हिरवीगार आणणं तुम्हाला जमलंय, ती दुकानात जिवंत ठेवणं हे वेगळंच काम आहे. नियमाप्रमाणे ग्रॅमला किमान 20 लाख सीएफयू (म्हणजे वाढू शकणारे बुरशीचे जिवंत कण) आणि ओलावा 8 टक्क्यांच्या आत पाहिजे. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या दुकानात खोकी रचून ठेवलेली असतात, तिथं हा काउंट, म्हणजे जिवंत कणांचा आकडा, पडतो आणि कुणाला कळतपण नाही कारण पावडर दिसायला तशीच हिरवट, मग शेतकरी ती वाफ्यात टाकतो, रोप मरतं ते मरतंच, आणि तो म्हणतो जैविकात काय दम नाही. असा एकदा तुटलेला माणूस परत वळत नाही हो, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून प्रत्येक बॅचची पाकिटं बाजूला काढा, काही थंड खोलीत, काही मुद्दाम पत्र्याखाली, आणि दर महिन्याला प्लेटवर काउंट घ्या. पत्र्याखालचा काउंट 20 लाखाच्या खाली जायच्या आतली तारीख एक्सपायरी म्हणून धरा. प्लेटवर भलत्याच जंतूंच्या कॉलनी (ठिपके) जास्त दिसायला लागल्या तर ती बॅच फेकून द्यायची, जीव तुटला तरी.

मर कमी झाली म्हणता, पण कशाच्या तुलनेत? पुढच्या रोपाला काही गादीवाफे तसेच सोडा, काहींना नुसती टाल्क द्या, बियाणं-पाणी सगळ्यांना सारखं, आणि मेलेली रोपं मोजून वहीत लिहा. नोंदणीसाठीच्या चाचण्या पुढं रीतसर कराव्याच लागतील, पण तेवढा खर्च करायचा की नाही हे या वहीवरून कळेल.

पाकिटावर मात्र ठळक अक्षरात टाका की कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकासोबत मिसळू नका, आपल्याकडं एकाच टाकीत सगळं ओतायची सवय आहे.